आईचा सीईए (आतड्याच्या कॅन्सरनंतर रक्तात मोजतात तो मार्कर) २.१ वरून ३.८ झाला, दोन्ही आकडे नॉर्मल रेंजमध्ये. कॅन्सर परत आला असेल का? दर महिन्याला टेस्ट करावी का?

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही शेवटी कंसात टाकली आहे: ‘या वेळी घराजवळच्या लॅबमध्ये केली.’ गेल्या वर्षीचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन, केमो संपून झालेले चार महिने, २.१ चे ३.८ होणं, हे सगळं त्या कंसानंतर वाचायचं. दोन लॅबचे आकडे एका रांगेत मांडून ‘वाढला’ असं म्हणता येत नाही. दोन्ही रिपोर्ट काढा आणि आकड्याच्या खाली बारीक अक्षरात ‘मेथड’ म्हणून जी ओळ असते ती वाचा. सीएलआयए, ईसीएलआयए, सीएमआयए असं मोजण्याच्या पद्धतीचं काहीतरी नाव असेल. ओळी वेगळ्या असतील तर तुलना तिथेच संपली. सारख्या असल्या तरी कंपनी वेगळी असू शकते, म्हणून फोन करून मशीन कोणत्या कंपनीचं ते विचारा. आणि ती ओळच छापलेली नसेल, तर त्यावरून माझं डोकं का फिरतं ते पुढे येईलच.

साखर मोजणं सोपं आहे. ग्लुकोजचा रेणू पुण्यात तोच, नागपुरात तोच. ट्यूमर मार्करचं, म्हणजे कॅन्सरच्या गाठीमुळे रक्तात वाढणाऱ्या पदार्थांचं, तसं नाही. सीईए म्हणजे साखरेच्या फांद्या चिकटलेलं मोठं प्रथिन, आणि त्या फांद्या सगळीकडे एकसारख्या नसतात. किटमधल्या अँटिबॉडी या रेणूचा एखादा कोपरा पकडतात, प्रत्येक कंपनीचा पकडायचा कोपरा वेगळा. सीईएसाठी निदान जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणद्रव्य आहे, ७३/६०१ क्रमांकाचं, त्यामुळे कंपन्यांचे आकडे थोडेफार जवळ येतात. अंडाशयाच्या कॅन्सरसाठीचा सीए १२५, स्तनाच्या कॅन्सरसाठीचा सीए १५-३ आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठीचा सीए १९-९ यांना तेही नाही. तिथे एका कंपनीचं एक युनिट हे त्या कंपनीपुरतंच एक युनिट.

याचा अर्थ काय होतो ते आमच्या लॅबमधल्या एका सॅम्पलवरून सांगते. स्वादुपिंडाचा कॅन्सर, गाठ काढायचं व्हिपल ऑपरेशन झालेलं, केमो संपलेली. तीन-तीन महिन्यांनी केलेल्या सीए १९-९ चे आकडे होते २८, ३१, २६. चौथा आला ७४. मर्यादा ३७ ची, त्यामुळे आकडा ठळक आणि शेजारी ‘हाय’. संध्याकाळी रिपोर्ट मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, सकाळी डॉक्टरांकडे धाव, चार दिवसांत पेट स्कॅन, म्हणजे अंगभर कॅन्सर शोधायचा स्कॅन. स्कॅन स्वच्छ. पण स्वच्छ स्कॅनने समाधान होतं थोडंच? न दिसणारं बारीक काही असलं तर, म्हणून घरात नवी धास्ती. या सगळ्यात लॅबला कोणीच काही विचारलं नाही. शेवटी डॉक्टरांनीच फोन करून विचारलं, हा आकडा खरा आहे का?

अशा वेळी काय करायचं असतं ते क्रमाने सांगते, म्हणजे तुम्हालाही लॅबकडे काय मागायचं ते कळेल. आधी बारकोड आणि नाव जुळवलं. तीच नळी पुन्हा लावली, ७२ आला. म्हणजे बुडबुडा किंवा फायब्रिनचा, म्हणजे गोठलेल्या रक्तातल्या धाग्याचा, तुकडा मशीनच्या सुईत अडकून आलेला भलता आकडा नव्हता. त्या दिवशीचे कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेली सॅम्पल, पाहिले, खालचा आणि वरचा, दोन्ही हद्दीत. मग त्याच सॅम्पलवर कावीळ दाखवणारं बिलिरुबिन लावलं, ०.८ म्हणजे नॉर्मल. हे फार महत्त्वाचं, कारण पित्तनलिका तुंबली की सीए १९-९ शेकड्यांत जातो, कधी हजारांत, गाठ नसतानाही. स्टेंट टाकून कावीळ उतरेपर्यंत त्या आकड्याला काडीची किंमत नसते. पुढे सॅम्पल किटच्याच द्रावणाने दुप्पट आणि चौपट पातळ करून मोजलं आणि गुणून पाहिलं: ७०, ७५. काही लोकांच्या रक्तात किटच्या अँटिबॉडीलाच चिकटणाऱ्या अँटिबॉडी असतात आणि त्या खोटा आकडा दाखवतात. तसं असेल तर पातळ केल्यावर बहुधा हिशेब जुळत नाही. इथे जुळला. म्हणजे आकडा त्या मशीनपुरता खरा होता.

राहिला एकच उपाय. उणे वीस अंशांच्या फ्रीझरमध्ये तीन महिन्यांपूर्वीच्या त्याच पेशंटचं सीरम पडून होतं, ज्याचा तेव्हा २६ आला होता. ते वितळवून नव्या मशीनवर लावलं. आकडा आला ६८.

पेशंट जिथल्या तिथे होता. मधल्या काळात लॅबचं मशीन बदललं होतं आणि रिपोर्टवर त्याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता. मर्यादा मात्र दोन्ही किटवर ३७ च छापलेली, म्हणून जुन्या मशीनवर ‘नॉर्मल’ असलेला माणूस नव्या मशीनवर ‘हाय’ झाला.

आता वादाचं. मशीन बदलताना तुलना झाली नव्हती असं नाही. चाळीस सॅम्पल दोन्ही मशीनवर लावली होती, आलेख काढला होता, सहसंबंध म्हणजे आर ०.९७ आला होता. लॅबच्या सरांनी फाइलवर ‘कोरिलेशन एक्सलंट’ लिहून सही केली. मी म्हणत होते की सहा महिने रिपोर्टखाली एक ओळ छापा, ‘अमुक तारखेपासून मशीन बदललं आहे, आधीच्या आकड्यांशी थेट तुलना करू नये.’ उत्तर मिळालं, पेशंट घाबरतात, डॉक्टर सॅम्पल दुसरीकडे पाठवायला लागतात, आणि आर ०.९७ असताना विषय संपला.

विषय संपत नाही. आर इतकंच सांगतो की एका मशीनवर जो वर आहे तो दुसऱ्यावरही वरच आहे. एका सोनाराने चाळीस दागिने तोळ्यात तोलले आणि दुसऱ्याने तेच ग्रॅममध्ये, तर आर जवळजवळ १ येईल. म्हणून काय दहा तोळे आणि दहा ग्रॅम एकच झाले? पाहायचा असतो दोन आकड्यांमधला फरक: प्रत्येक सॅम्पलसाठी सरासरी आडव्या अक्षावर, फरक उभ्या अक्षावर. बायोकेमिस्ट्री शिकलेल्या कोणालाही ब्लँड-ऑल्टमन आलेख माहीत असतो. तो काढला असता तर नवं मशीन अडीच पट वाचतंय हे पाच मिनिटांत दिसलं असतं. फरक मोठा असला तरी हरकत नाही, मशीन वाईट ठरत नाही. फक्त फॉलोअपच्या प्रत्येक पेशंटचं एक सॅम्पल दोन्ही मशीनवर लावून दोन्ही आकडे एकाच रिपोर्टवर द्यायचे, म्हणजे त्याची नवी पायरी, पुढची तुलना जिच्याशी करायची ती, ठरते. खर्च एका जादा टेस्टचा. तो लॅबने सोसायचा. पेट स्कॅनचे पैसे कोणी भरले ते सांगायला नकोच.

तर तुमच्या आईचे २.१ आणि ३.८ वेगळ्या मशीनवरचे असतील, तर जिथे आधीपासून होत होती तिथेच टेस्ट पुन्हा करा. उद्या नको, तीन-चार आठवड्यांनी. उपाशी राहायची गरज नाही. त्याच सॅम्पलवर लिव्हर फंक्शन सांगा, कारण सीईएचा निचरा यकृत करतं. यकृत सुजलं, चरबी साचली, पित्त अडलं की सीईए चढतो. थायरॉईड बराच कमी असला तरी चढतो. मूत्रपिंड निकामी होणं, आतड्याची सूज, जुनाट दमा-खोकला, यांतही चढतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा मुळातच वर असतो, म्हणून काही रिपोर्टवर न ओढणाऱ्यांसाठी ३ आणि ओढणाऱ्यांसाठी ५ अशा दोन मर्यादा दिसतात. केमोच्या सुरुवातीच्या चार-सहा आठवड्यांत, विशेषतः ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध चालू असताना, आकडा फसवा चढतो आणि मग उतरतो. तुमच्या आईची केमो चार महिन्यांपूर्वी संपली आहे, तेव्हा हे कारण शोधत बसू नका.

मशीन एकच असेल तर? तर २.१ ते ३.८ ही हलचल दखल घेण्याजोगी आहे, रेंजच्या आत असली तरी. याचं एक गणित आहे. निरोगी माणसाचा सीईएसुद्धा रोज थोडा हलतो, आणि मशीनही दर वेळी अगदी तोच आकडा देत नाही. समजा शरीराची हलचल १२ टक्के आणि मशीनची ५ टक्के. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ काढा, १३ येतं. त्याला २.७७ ने गुणा, ३६ टक्के. म्हणजे २.१ चे २.८ झाले तर झोप उडवून घेऊ नका, तो नुसता नेहमीचा चढउतार असू शकतो. ३.८ म्हणजे ८० टक्के वाढ, ती चढउतारात बसत नाही. सीए १२५ ची शरीरातली हलचल याच्या दुप्पट धरली तर हिशेब ६८ टक्क्यांवर जातो. तिथे १२ चे १८ होणं म्हणजे काहीच नाही.

पण एका बिंदूतून रेघ निघत नाही, दोनांतून निघते ती भरवशाची नसते. तिसरा आकडा हवा. संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात सीईए ५ च्या वर गेला की कॅन्सर परतला असं धरलं, तर परतलेल्यांपैकी ७१ टक्के सापडले आणि न परतलेल्या शंभरात १२ जणांना उगाच धास्ती. मर्यादा १० केली तर ६८ टक्के सापडले, आणि उगाच धास्तावलेले फक्त ३. ब्रिटनच्या २०१४ च्या मोठ्या चाचणीत तर ऑपरेशननंतरच्या पायरीपेक्षा ७ ने वर गेल्यावर पुढची तपासणी करायची असा नियम ठेवला होता. यातून दोन गोष्टी दिसतात. ३.८ हा कुठल्याच हिशेबाने निदान नाही. आणि कॅन्सर परतलेल्या दहापैकी तिघांचा सीईए नॉर्मलच राहू शकतो, म्हणून ठरलेला सीटी आणि कोलोनोस्कोपी ‘रिपोर्ट चांगला आला’ म्हणून टाळायची नाही.

तिसरा आकडाही वर सरकला तर क्रम ठरलेला आहे: डॉक्टरांची तपासणी, छाती-पोट-ओटीपोटाचा सीटी, कोलोनोस्कोपी झाली नसेल तर ती, आणि सीटीत काही दिसलं नाही आणि आकडा तरीही चढतोय तर पेट. पेटपासून सुरुवात करू नका. ऑपरेशनआधीचा सीईए किती होता तेही जुन्या फाइलमधून काढा. तेव्हा २५ असेल आणि ऑपरेशननंतर २ वर उतरला असेल, तर तुमच्या आईची गाठ हा मार्कर सोडते आणि त्याच्याकडे लक्ष देण्यात अर्थ आहे. तेव्हाही २ च असेल, तर तो पुढे गप्प बसण्याची शक्यता जास्त.

दर महिन्याला मात्र करू नका. पहिली दोन-तीन वर्षं दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत, असं साधारण धोरण आहे. नक्की वेळापत्रक आईचे डॉक्टर ठरवतील. महिन्याला केल्याने कॅन्सर लवकर सापडत नाही, नुसता चढउतार जास्त दिसतो आणि घरात कोणी झोपत नाही.

आतड्याच्या कॅन्सरमध्ये हा खटाटोप करायचा तो एका ठोस कारणासाठी: यकृतातली किंवा फुफ्फुसातली एखादी गाठ वेळेत दिसली तर ती कापून काढता येते आणि काही पेशंट पूर्ण बरे होतात. हेच सगळ्या कॅन्सरना लावू नका. अंडाशयाच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या. २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या युरोपातल्या चाचणीत, उपचारानंतर सीए १२५ वाढलेल्या ५२९ बायका होत्या. निम्म्यांना आकडा वाढताच केमो सुरू केली, उरलेल्यांना त्रास सुरू झाल्यावर. पहिल्या गटाची केमो जवळजवळ पाच महिने आधी सुरू झाली. आयुष्य? २५.७ महिने आणि २७.१ महिने, म्हणजे फरक नाही. मिळालं ते पाच महिने आधी केमो आणि पाच महिने आधी काळजी. हे ऐकून एखादी बाई म्हणाली की मला आता सीए १२५ नको, तर तो वेडेपणा नाही. तिच्या डॉक्टरांशी बोलून घेतलेला तो शहाणा निर्णय असू शकतो. उपचार चालू असताना औषध लागू पडतंय का हे पाहायला मात्र तो उत्तम. फक्त पोटातलं पाणी काढल्यावर किंवा ऑपरेशननंतर महिनाभर तो मोजू नका. आणि आपल्याकडे पोटाच्या टीबीमध्ये तो शेकड्यांत जातो हे विसरू नका. पोटात पाणी आणि सीए १२५ चारशे म्हणजे अंडाशयाचा कॅन्सरच, असं टिश्यूचा तुकडा तपासल्याशिवाय कोणी म्हणू नये.

बाकीच्यांचं थोडक्यात. सीए १९-९ काही जणांच्या शरीरात बनतच नाही. रक्तगटासारखा लुईस गट असतो, त्यात निगेटिव्ह असलेल्या पाच-दहा टक्के लोकांत कॅन्सर पसरला तरी आकडा तळाशीच. सीए १५-३ ब-१२ च्या कमतरतेतल्या रक्तक्षयातही वाढतो, तेव्हा स्तनाच्या कॅन्सरच्या शाकाहारी पेशंटने घाबरण्याआधी ब-१२ करावं. स्तनाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात बरा झाला असेल तर तो मार्कर नेमाने करायची शिफारसच नाही. कॅन्सरसाठी प्रोस्टेट काढल्यावर त्याचा मार्कर पीएसए शून्याजवळ हवा, ०.२ आणि पुन्हा करूनही तितकाच किंवा जास्त, तर परतला. किरणोपचारानंतर मात्र सगळ्यात खाली उतरलेल्या आकड्यापेक्षा २ ने वर गेला, तर परतला. वृषणाची गाठ काढल्यावर तिच्या दोन मार्करपैकी एचसीजी दर दीड दिवसाने आणि एएफपी दर पाच-सात दिवसांनी निम्मा व्हायला हवा. त्या वेगाने उतरत नसेल तर गाठ बहुधा कुठेतरी शिल्लक आहे. इथे मार्कर राजा आहे. थायरॉईडच्या कॅन्सरचा मार्कर थायरोग्लोब्युलिन, त्याच्यासोबत त्याची अँटिबॉडी केली नसेल तर कमी आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. एनएसई या मार्करचं सॅम्पल लालसर दिसत असेल तर ते फेकून नवं घ्या, कारण तो रक्तपेशींमध्येच भरलेला असतो. आणि केसांसाठी बायोटिनच्या पाच-दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टआधी तीन दिवस बंद ठेवा. काही मशीन बायोटिनच्या जोडणीवरच चालतात, तिथे मार्कर खोटा कमी येतो. आईला विचारा. केमोत केस गेल्यावर या गोळ्या बऱ्याच जणी घेतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत, ‘ती काय औषधं आहेत का’ म्हणून.

एक वैताग मोकळा करते. कॅन्सर नसलेल्या माणसाला ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये सीए १२५ आणि सीईए फुकट घालून देणं हा धंदा आहे. अमेरिकेत ७८,२१६ बायकांवर सीए १२५ आणि सोनोग्राफीने चाळणी करून पाहिली. मृत्यू कमी झाले नाहीत. ३,२८५ जणींना खोटा पॉझिटिव्ह आला, त्यातल्या १,०८० जणींचं ऑपरेशन झालं आणि १६३ जणींना त्यातून गंभीर गुंतागुंत झाली. या बायकांना तो कॅन्सर नव्हताच. तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध इतकाच की आईची धास्ती पाहून घरातले बाकीचे असं पॅकेज करायला निघाले असतील तर थांबवा. त्यापेक्षा भावंडांनी आणि मुलांनी कोलोनोस्कोपी कधी करायची ते आईच्या डॉक्टरांना विचारावं.

हे सगळं लॅबच्या बाजूने लिहिलं आहे. आईचं वजन उतरत असेल, शौचातून रक्त पडत असेल, पोटात किंवा पाठीत नवं दुखणं असेल, तर तीन-चार आठवडे थांबायचं वरचं वाक्य खोडा आणि सरळ डॉक्टरांकडे जा, आकडा काहीही असो. आणि पहिल्या लॅबला फोन कराल तेव्हा एक प्रश्न जादा विचारा: २.१ आला त्यानंतर तुम्ही मशीन किंवा किट बदललं आहे का? ‘हो’ म्हणाले तर जुनं सॅम्पल ठेवलंय का तेही विचारा. बहुधा ठेवलेलं नसतं. मग पुढचा आकडा हा आईचा पहिला आकडा समजा आणि २.१ विसरा.